अर्धा सेंटीमीटर

माझा धाकटा भाऊ त्याच्या मुलीला दर रविवारी सकाळी नऊ ते अकरा भेटायचा, आणि ही भेट कॉम्प्युटरवरच्या एका खेळात व्हायची.

मुलगी तेरा वर्षांची. विमानानेच जावं लागेल इतक्या लांब, आईबरोबर राहते. आईने दुसरं लग्न केलं. नवरा भला माणूस आहे, आणि भावाचं खरं दुःख तेच आहे, कारण शिव्या घालायलाही कोणी उरलं नाही.

आधी बाप-लेक फोनवर बोलायचे. जेवलीस का, हो. शाळा कशी आहे, आहे. मग बाकी काय, काही नाही. तीन मिनिटांत दोघंही घामाघूम. मग पोरीनेच त्याला हा खेळ शिकवला. खेळात दोन बेटं, मध्ये समुद्र, आणि हे दोघं दोन वर्षं त्यावर दगडी पूल बांधत होते. ती दगड फोडायची, हा वाहून न्यायचा. हात कामात गुंतले की तोंड सुटतं, हे मला माझ्या शिवणकामामुळे ठाऊक आहे. माप देताना बाई खांबासारखी उभी असते, एक शब्द बोलत नाही. तिलाच म्हटलं, बसल्या बसल्या एवढे चार हुक लावता का, की सासरचं सगळं बाहेर येतं. पोरीचं तसंच झालं. दगड फोडता फोडता तिने बापाला सांगितलं की चष्मा लागलाय आणि तो तिला आवडत नाही. मधल्या सुट्टीत ती एकटी बसते. आणि आईच्या नवऱ्याला ती काका म्हणते, बाबा नाही. त्या दिवशी भावाने माझ्याकडून लागोपाठ तीन कप चहा उकळला.

भाऊ बस चालवायचा. डेपोतल्या दुरुस्तीच्या खड्ड्यात पाय घसरला आणि मांडीपासून घोट्यापर्यंत प्लॅस्टर आलं, म्हणून माझ्याकडे राहायला आला. माझी जागा दोन खोल्यांची, दुसऱ्या मजल्यावर. पुढच्या खोलीत माझं दुकान: दोन मशिनी, इस्त्रीचं टेबल, कापडाच्या चिंध्यांची गोणी. त्यातच एका कोपऱ्यात त्याचा कॉम्प्युटर बसवला. नऊ ते अकरा मी मशीन चालवत नसे. गिऱ्हाइकांना सांगायचे, रविवारी सकाळी मोटर गरम होते.

मग एका रविवारी पडद्यावर सूचना आली. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून खेळाची नवी आवृत्ती, जुनी बंद. नवीसाठी नवं ग्राफिक्स कार्ड लागेल. हे कार्ड म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात बसणारी पट्टी, पडद्यावरची सगळी चित्रं तीच रंगवते. भावाची पट्टी आठ वर्षांची म्हातारी.

आमच्याकडे कॉम्प्युटर दुरुस्त करणारा येतो, त्याला सगळे डॉक्टर म्हणतात. त्याने कागदावर तीन कार्डांची नावं लिहून दिली आणि जाता जाता म्हणाला, लांबी बघून घ्या बरं का, तुमचा कॉम्प्युटरचा डबा लहान आहे आणि नवी कार्डं लांबलचक येतात. एवढं सांगून तो तीन आठवड्यांसाठी बहिणीच्या घराचं बांधकाम बघायला निघून गेला.

म्हणून डब्याचं माप मी घेतलं. यात मला काही विशेष वाटलं नाही. दिवसाला दहा माणसं मोजते, एक डबा काय जड आहे? फरशीवर बसले, डब्याचं झाकण काढलं, बॅटरी दातात धरली आणि गळ्यातली टेप आत सोडली. मागच्या पत्र्यापासून पुढच्या पंख्यापर्यंत तीस सेंटीमीटर. दोनदा मोजलं, तिसऱ्यांदा टेप ताणून मोजलं. तीस. निळ्या खडूने डब्यावरच लिहून टाकलं.

भाऊ पलंगावरून म्हणाला, "तू मोजलंस म्हणजे झालं, ताई. माझ्या लग्नाचा कोट तूच मोजला होतास. लग्न बसलं नाही, कोट बसला."

कार्ड मात्र कुठे मिळेना. त्या वर्षी सगळीकडेच टंचाई होती. कारखान्यांतून माल येत नव्हता, आला तर दुकानात लागायच्या आधीच कोणीतरी शंभर-शंभर उचलून दुप्पट भावाने विकत होतं. मी फोन करून करून दुकानदारांचे आवाज ओळखायला लागले. शेवटी एका दुकानाचा पत्ता लागला, जिथे दर आठवड्याला थोडा माल येतो आणि ज्याचा नंबर त्यालाच मिळतो.

नंबराची व्यवस्था दुकानाची नव्हती, रांगेतल्या लोकांनीच केली होती. शटरच्या कुलपाला सुतळीने एक वही बांधलेली. आल्यावर नाव लिहायचं. दर तासाला रांगेतलाच एकजण हजेरी घ्यायचा, आणि नाव पुकारल्यावर ओ दिली नाही तर काट मारायची. आजारपण, लघवी, कोणाचं मयत, काहीही चालायचं नाही. मी दाराला 'तीन दिवस बंद' अशी पाटी लावली आणि जेवणाचा डबा आणि पाण्याची बाटली घेऊन दुकानासमोरच्या फुटपाथवर जाऊन बसले. माझा नंबर चौदा.

रांगेत सगळी तरणी पोरं आणि मी. पंधरा नंबरचा जरा मोठा होता, पस्तिशीचा. लग्नाच्या व्हिडिओंची काटछाट करायचा. त्याचं कार्ड जळलं होतं आणि सहा नवऱ्यामुलींचे व्हिडिओ अडकले होते. रोज त्यांच्या आया फोन करून रडतात, म्हणाला. माझ्यासाठी त्याने समोरच्या चहावाल्याकडून स्टूल आणलं. मला काकू म्हणायचा. मी त्याच्या शर्टाची उसवलेली बाही तिथेच टाचून दिली. त्याने विचारलं, काकू, तुम्ही कोणता खेळ खेळता? मी म्हटलं, मी नाही रे, भाऊ पूल बांधतो. तो म्हणाला, इंजिनिअर आहेत का? मी म्हटलं, हो, रविवारचे.

तिसऱ्या दिवशी अकरानंतर माल आला. पंधरा खोकी. माझ्यापुढच्या तेरा जणांनी कागदावरची लहान कार्डं उचलली. मी काउंटरवर पोचले तेव्हा दोन खोकी उरली होती, दोन्ही एकाच जातीची, लांबवाली.

काउंटरवरच्या मुलीने नियम सांगितले. खोक्याचं सील तुमच्यासमोर फोडणार, म्हणजे पुढे कोणाला विकता येणार नाही. फोडलं की परत नाही, बदलून नाही. एका घराला एकच, आणि पुढचे सहा महिने तुमचं नाव बाद. बोला, फोडू?

मी खोकं उलटं केलं. मागे बारीक अक्षरात लांबी होती: तीस पूर्णांक दोन.

दोन मिलिमीटर. ब्लाउज असता तर मी एक शब्द बोलले नसते. दोन मिलिमीटर म्हणजे शिवणीत जातात, श्वास रोखला की होतात. मी त्या मुलीला विचारलं, एवढं बसेल का गं जरा दाबून? ती म्हणाली, "काकू, लोखंड आहे. कापड नाही."

भावाला फोन लावला. लांबी सांगितली. तो म्हणाला, "तीस म्हणजे तीसच ना?"

"तीसच. तीनदा मोजलंय."

"मग राहू दे. उगाच फुकट जाईल. पुढच्या खेपेला लहान येईल."

मागून व्हिडिओवाला खाली वाकून म्हणाला, "काकू, नक्की ना? मी थांबतो, तुम्ही घरी कोणाला तरी परत मोजायला सांगा." माणूस खरंच चांगला होता. पण त्याचं 'परत मोजायला' माझ्या मनाला लागलं. बावीस वर्षांत माझ्या मापाला कोणी परत म्हटलं नव्हतं. मी खोकं बाजूला सरकवलं आणि म्हटलं, "बावीस वर्षं मोजतेय बाबा. नाही बसणार."

त्याने एक घेतलं. दुसरं सोळा नंबरने. जाताना व्हिडिओवाल्याने रस्त्यापलीकडून मला हात केला.

पुढची खेप आली नाही. त्या आठवड्यात नाही, त्याच्या पुढच्या आठवड्यातही नाही. दुकानदाराने वही सोडवून आत नेली आणि शटरवर कागद लावला की माल केव्हा येईल सांगता येत नाही, कृपया विचारू नये. मी विचारलं. दोनदा. दुसऱ्यांदा त्याने मला बसायला खुर्ची दिली, त्यावरून ओळखलं की काही खरं नाही.

एक तारखेला चार दिवस उरले असताना डॉक्टर परत आला. वापरलेलं एखादं लहान कार्ड मिळतंय का बघू म्हणाला, आणि सवयीने डबा उघडून खिशातली स्टीलची पट्टी आत धरली.

"हे तीस कोणी लिहिलंय?"

"मी," मी म्हटलं. "म्हणूनच तर तीस दोनचं सोडून आले."

"तीस पाच आहे. साडेतीस." त्याने पट्टी फिरवून परत धरली. "तीस दोनचं कार्ड सोडलंत? अहो, सहज बसलं असतं."

मी गळ्यातली टेप काढली आणि इस्त्रीच्या टेबलावर त्याच्या पट्टीशेजारी ठेवली. शून्याला शून्य जुळवलं. दहापर्यंत जवळजवळ सारखं. वीसला माझी रेघ पुढे गेलेली. त्याचे साडेतीस तिथे माझे तीस. बावीस वर्षं गळ्यात लोंबून, माणसांच्या छात्यांभोवती आवळून आवळून टेप ताणली गेली होती, रबरासारखी लांब झाली होती. आणि मला कधी कळलंच नाही, कारण अंगही तिनेच मोजायचं आणि कापडही तिनेच. दोन्ही चुका सारख्या, म्हणून कपडा बसायचा. माझ्या खोलीत सगळं बरोबर होतं. खोलीबाहेरच्या कारखान्यात बनलेली वस्तू पहिल्यांदाच माझ्या टेपसमोर आली होती.

डॉक्टर उगाच स्क्रू शोधायला लागला. भाऊ पलंगावर पडल्या पडल्या टेबलाकडे बघत होता.

"म्हणजे," तो म्हणाला, "तू सांगतेस त्यापेक्षा माझं पोट मोठं आहे तर."

मी हसले नाही. तोही हसला नाही. तो असं बोलतो तेव्हा त्याला हसायचं नसतंच, समोरच्याला रडू द्यायचं नसतं. मी इस्त्री तापवली आणि एक इस्त्री केलेला शर्ट पुन्हा इस्त्री केला.

वापरलेली कार्डं दोन मिळाली. पहिलं डॉक्टर आणायला गेला तोवर विकलं गेलं होतं. दुसऱ्याने पडद्यावर नुसत्या हिरव्या रेघा काढल्या आणि अर्ध्या तासात जळका वास सोडला.

शेवटच्या रविवारी दोघं नेहमीसारखे नऊला खेळात आले. पूल पलीकडच्या बेटापर्यंत पोचायला बराच बाकी होता. पोरीचा आवाज खोलीभर येत होता, तिच्या वर्गात एक नवी मुलगी आलीय, तिलाही चष्मा आहे, तीही हाच खेळ खेळते. मग मध्येच तिने विचारलं, बाबा, तुला कार्ड मिळालं का?

मी पुढे झाले. माझं बोलायचं ठरलं होतं, की बाबाची चूक नाही गं, आत्याने घोळ घातला. भावाने माझ्याकडे न बघता तळहात वर केला आणि मला थांबवलं.

"नाही मिळालं. सगळीकडेच संपलंय."

"हो, इकडे पण," ती म्हणाली. "मिळालं की ये. मी तोपर्यंत पूल पुढे नेते."

"ने."

"रविवारी फोन करशील ना?"

"करतो की."

अकराला ती गेली. भाऊ पुलावरच उभा राहिला, दुपारी मी जेवायला हाक मारेपर्यंत.

एक तारखेला त्याने तरी उघडून बघितलं. काळ्या पडद्यावर एकच ओळ आली, हे यंत्र या खेळासाठी पात्र नाही. त्याने यंत्र बंद केलं आणि त्यावर माझ्या अस्तराच्या कापडाचा तुकडा टाकला.

रविवारी नऊला त्याने फोन लावला. मी सवयीने मशीन बंद ठेवली होती. जेवलीस का? हो. शाळा? छान. चष्म्याचं काय? काय व्हायचंय. इथवर दोन मिनिटंही झाली नव्हती. मग बोलणं संपलं, आणि पलीकडून बटणांचा आवाज ऐकू यायला लागला, टकटक, टकटक. ती खेळत होती. भावाने फोन कानाशी घट्ट धरला. काही बोलला नाही, ठेवलाही नाही. थोड्या वेळाने ती बोलायला लागली, त्याच्याशी नाही, त्या नव्या मुलीशी. इकडे ठेव दगड, तिकडे नको, माझी आई ना काल काय म्हणाली माहितीये, आणि मग सगळं सांगत सुटली. आईचं, शाळेचं, आणखी कशाकशाचं. इतकं ती दोन वर्षं फक्त त्यालाच सांगत आली होती. फोन चालू आहे हे ती विसरली होती.

त्याने वीस-पंचवीस मिनिटं ऐकलं. मी कात्रीसुद्धा टेबलावर ठेवली नाही, हातातच धरून बसले. मध्ये ती हसली तेव्हा त्याच्या ओठाची एक कड हलली. मग पलीकडे तिने खालच्या आवाजात काहीतरी सांगायला सुरुवात केली, मैत्रिणीला सांगतात तसं, आणि भावाने फोन कानापासून दूर धरला, क्षणभर त्याच्याकडे बघितलं आणि बंद केला.

"तिचं काहीतरी खासगी होतं," तो म्हणाला.

मी हो म्हटलं.

"चालू कर तुझं मशीन, ताई. गिऱ्हाइकं खोळंबली असतील."

तेव्हापासून दर रविवारी मी नऊलाच मशीन चालू करते.