त्यांचा काय दोष?

"कॅन्सरच्या पेशींना नुसतं ओरडून मारता येतं का हो?"

खरं तर हा प्रश्न माझा नव्हता. वर्गाची सहल प्रयोगशाळेत गेली होती, आणि सगळ्यांदेखत तिथल्या मोठ्या सरांना मी हे विचारूच शकणार नाही, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. गेल्या वर्षीची मी असते तर नसतंच विचारलं. पण यंदा मी कुणाच्या बापाला घाबरत नाही. हात वर केला आणि खणखणीत आवाजात विचारून टाकलं. मागे सगळ्या फिदीफिदी हसल्या.

सर हसले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "कुणी तपासलंय?"

पुढचा सगळा घोळ माझ्या आत्याने घातला. ती तिथेच काम करते. एका पेशंट बाईच्या फुप्फुसातून काढलेल्या पेशी ती वाढवते, प्लास्टिकच्या प्लेटमधल्या इवल्याशा खळग्यांत घालते आणि त्यांच्यावर केमोची औषधं टाकते. काहींवर पहिलं, काहींवर दुसरं, काहींवर दोन्ही. काहींना औषधच नाही, त्यांना कंट्रोल म्हणायचं. तीन दिवसांनी रंग घालायचा. पेशी जिवंत असतील तो खळगा जांभळा होतो, मेल्या असतील तो नाही. दोन्ही औषधं एकत्र पडली की जवळजवळ सगळ्या पेशी मरत होत्या. हे सगळं लिहून आत्या त्याच आठवड्यात छापायला पाठवणार होती, म्हणजे त्या जोडीची पुढची तपासणी सुरू झाली असती.

तर आत्या मोठ्या कौतुकाने म्हणाली, "मी ओरडते की! औषध टाकताना म्हणतेच, मरा मेल्यांनो, तोंड काळं करा."

"नेहमी?" सरांनी विचारलं.

"तोंडात बसलंय सर."

"आणि कंट्रोलला?"

"कंट्रोलला कशाला शिव्या देऊ? त्यांचा काय दोष?"



"म्हणजे औषध आणि शिवी जोडीनेच गेली," सर म्हणाले. "आणि जिथे दोन्ही औषधं, तिथे शिव्याही दुप्पट. मग पेशींना मारलं कुणी? हे असं छापायला जाणार नाही."

आत्याचा चेहरा पांढराफटक पडला. इतक्या वर्षांचं काम, आणि ते बुडवलं कुणी, तर मी! पैज जिंकल्याचा आनंद कुठल्या कुठे पळाला.

"पुन्हा करू या ना," मी म्हणाले. "शिव्या मी देते. माझ्या आवाजाने भिंतीचा रंग उडतो, असं बाबाच म्हणतात."

सरांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "उद्या शाळा सुटली की ये."

दोन प्लेटी भरल्या, दोन्ही अगदी सारख्या. आत्याने तोंडात रुमाल कोंबून औषधं टाकली. कुठल्या बाटलीत काय आहे, हेही सरांनी तिला कळू दिलं नव्हतं. मग एक प्लेट माझ्यासमोर. दुसरी पलीकडच्या खोलीत सरांसमोर, तितकाच वेळ, कारण उबेतून बाहेर काढल्यावर पेशींना गार लागतं आणि त्यानेही त्या मरू शकतात. सरांनी नुसतं गप्प बसायचं.

आधी मला हसूच आवरेना. पाण्यासारखं दिसणारं काहीतरी, त्याला काय शिव्या द्यायच्या? मग आठवलं, हे त्या बाईच्या फुप्फुसात होतं. "निर्लज्जांनो!" मी सुरू झाले. "दुसऱ्याच्या घरात घुसता, खाता-पिता, वर पसारा मांडता? कुणी बोलावलं होतं तुम्हाला? चालते व्हा!" जीव तोडून ओरडले. घशाला कोरड पडली.

तेवढ्यात सर पडेल चेहऱ्याने आले. "माझी प्लेट बाद. तिच्यासमोर बसलेलो असताना मला शेजाऱ्याचा राग आला."

"मनात?" आत्या किंचाळली.

"मनातच. पण आला."

सगळं पहिल्यापासून! दुसऱ्या खेपेला सरांनी डोळे मिटून उजळणीचे पाढे म्हटले, तेही मनातल्या मनात.

तीन दिवसांनी आत्याने रंग घातला. आम्ही तिघं टेबलावर ओणवे. माझ्या प्लेटीतला कंट्रोल गडद जांभळा. इतक्या शिव्या खाऊन ढिम्म हलला नव्हता! पण दोन्ही औषधं पडलेले खळगे दोन्ही प्लेटींत स्वच्छ. शिवी असो वा नसो, पेशी मेलेल्या.

आत्या खुर्चीवर मटकन बसली आणि रडता रडता हसायला लागली. "औषधच आहे गं! औषधानेच मेल्या!"

मला आनंद झाला, आणि थोडा अपमानही वाटला.

"एकदा झालं म्हणजे काहीच झालं नाही," सर म्हणाले. "अजून दोनदा करायचं. आणि आवाज हाच हवा. आवाज बदलला की पुन्हा शंका येणार."

घरी आले तर उद्यापासून सुट्टी म्हणून आई-बाबा समुद्रावर जायच्या बॅगा भरत होते.

"तुझा टॉवेल कुठाय गं?" आईने विचारलं.

"मी येत नाहीये," मी दारातूनच सांगितलं. "तुम्ही दोघं जा. मी आत्याकडे राहणार आणि सुट्टीभर शिव्या देणार."