एकाच पेशंटची नोकरी

प्रतिक्षा बारामतीतल्या एका खासगी हॉस्पिटलात आयसीयूची सिस्टर होती. ज्या पेशंटची शीर सापडत नाही, त्याच्यासाठी दुसऱ्या वॉर्डातूनही तिलाच बोलावणं यायचं. पगार मात्र नव्यानं लागलेल्या पोरींएवढाच राहिला होता. नवरा एमआयडीसीत कंत्राटावर. दोघांच्या ड्युट्यांत लेकीला बघायला कुणी नव्हतं, म्हणून श्रेया निरवांगीला आजीजवळ होती.

दोघांच्या पगारात भागेना, तशी प्रतिक्षा सकाळची ड्युटी उरकून स्कूटीवरून कन्हेरीला जायला लागली. तिथले ऊस बागायतदार आप्पासाहेब लकव्यानं अंथरुणाला खिळले होते. त्यांची पाठीची जखम धुवायची, नळीतून भरवायचं, कूस बदलायची. त्यांचा मुलगा विजयसिंह रोज रोख द्यायचा. घरी आल्यावर श्रेयाचा फोन आला की ‘हं, हं’ करतच तिला झोप लागायची. पुढं पुढं श्रेयानं फोन करणंच कमी केलं.

त्या दिवसांत कळंबची भामाबाई दम्यानं बेजार होऊन ॲडमिट झाली. प्रतिक्षानं तिचं सगळं केलं, केस विंचरून वेणीसुद्धा घातली. मग एका दुपारी ते घडलं. बरोबरची सिस्टर नोकरी सोडून गेली होती, तिची जागा भरली नव्हती. शेजारच्या पेशंटचा ऑक्सिजन उतरत होता आणि भामाबाई मागून प्रतिक्षाचा ॲप्रन ओढत होती.

“बाय, वाईच पानी दे की.”

“थांबा आजी, देते.”

“घसा वाळलाय गं. दे की.”

“गप पड म्हातारे! का माजा जीव घेतीस?”

प्रतिक्षानं तिचा हात झटकला. सलाईनची सुई निघाली, चादरीवर रक्त सांडलं. काचेपलीकडून भामाबाईचा नातू शंभूराज बघत होता.

त्यानं तक्रार केली आणि तासाभरात प्रतिक्षा व्यवस्थापक मॅडमसमोर उभी होती.

“चुकलं माझं,” प्रतिक्षा म्हणाली. “मी माफी मागते त्यांची. पण मॅडम, पगार वाढवा, न्हायतर माणसं तरी वाढवा. दुसरीकडं राबून येते मी. डोकं ठिकाणावर राहत न्हाय.”

“दुसरीकडं राबायला आम्ही सांगितलं का? हे सेवेचं क्षेत्र आहे. पैशाकडं बघून यात यायचं नसतं.”

प्रतिक्षा माफी मागायला गेली, तर भामाबाईनं भिंतीकडं तोंड फिरवलं. “ह्या बाईला माज्याकडं धाडू नका,” एवढंच ती म्हणाली. वेणी घातलेली तिच्या ध्यानात नव्हती, आणि का असावी?

पुढच्या आठवड्यात मॅडमनी ताण घालवण्यावर पुण्याहून वक्ते बोलावले. ड्युटी संपलेल्या सगळ्या सिस्टरांना हॉलमध्ये बसवलं. वक्ते म्हणाले, “डोळे मिटा. मन शांत करा. नदीकाठी आहात असं समजा.” प्रतिक्षानं डोळे मिटले आणि ती बसल्या जागी झोपली. घोरायला लागली तशा पोरी हसल्या. मेट्रननं खांदा हलवून तिला उठवलं. संध्याकाळी हॉस्पिटलच्या फेसबुकवर तिचाच फोटो होता, मान कललेली, डोळे मिटलेले. खाली लिहिलं होतं : तणावमुक्त परिचारिका, समाधानी रुग्ण.

तिनं तो फोटो दोनदा बघितला आणि विजयसिंहला फोन लावला.

“दादा, पूर्ण दिवसासाठी माणूस पायजे म्हणत होता न्हवं?”

हॉस्पिटलच्या पगारापेक्षा त्यानं चांगलेच जास्त देऊ केले. एकाच म्हाताऱ्याची कूस बदलायची आणि डायपर बघायचे. तिला झोप लागू लागली. श्रेयाला तिनं बारामतीला आणलं. त्या घरात मात्र तिला सिस्टर कुणी म्हणत नव्हतं. पाहुण्यांना सांगताना विजयसिंहची बायको म्हणायची, “आप्पांना सांभाळायला बाई ठेवलीय.” शिकलेलं हातातून जातंय, हे प्रतिक्षाला कळत होतं. पण परत जायचा विचार आला की चादरीवरचं रक्त आठवायचं.

मग आप्पासाहेबांना न्यूमोनिया झाला. विजयसिंहनं त्यांना तिच्याच जुन्या हॉस्पिटलात आणलं. आयसीयूच्या दारात सिक्युरिटीवाल्यानं तिला अडवलं.

“पेशंटसोबतच्यांनी बाहेर थांबायचं.”

ती बाकावर बसली. दाराच्या काचेतून तिच्या जागी आलेली स्वप्नाली दिसत होती. एकटीच ती खाटेखाटेला पळत होती. दुपारी ती डायपरचं पाकीट मागायला बाहेर आली. डोळे सुजलेले, हातात अर्धी भाकरी.

“म्हातारे कसे हायेत?” प्रतिक्षानं विचारलं.

“अवघड हाय, ताई.” स्वप्नालीनं मागं बघितलं आणि आवाज खाली घेतला. “तिकडं किती देतात हो? अजून एखादी जागा हाय का?”

“एकच जागा हाय,” प्रतिक्षा म्हणाली. “ती पण ते वाचले तर.”

स्वप्नालीनं मान हलवली, भाकरीचा तुकडा तोंडात कोंबला आणि प्रतिक्षानं दिलेलं पाकीट घेऊन आत गेली. प्रतिक्षानं देवाला हात जोडले. म्हातारा जगावा असं तिला मनापासून वाटत होतं, पण ते म्हाताऱ्यासाठी नव्हतं.