शेकोटीमागची कपार

अर्बाबचा, म्हणजे अरब मालकाचा, हट्टच तसा! इंग्लंडात शिकताना त्याने खेड्यातली एक जुनी हवेली पाहिली आणि तशीच्या तशी आखातातल्या आपल्या बरका गावच्या वाळूत उभी करायला घेतली. लाल विटा, उंच धुराडी आणि दिवाणखान्यातल्या शेकोटीमागे माणूस मावेल एवढी चोरकपार. चारशे वर्षांपूर्वी तिकडे राणीचे शिपाई कॅथलिक पाद्र्यांना धरून हाल हाल करून मारत, म्हणून घरधनी त्यांना अशा कपारीत दडवत. साइट इंजिनियर रुपेशने सगळं नकाशाबरहुकूम केलं, फक्त धुराडं वरून स्लॅब टाकून बंद करवलं. "इथे शेकोटी कोण पेटवणार? वाळू येईल, एसीची हवा जाईल." अर्बाब खूश झाला.

जूनच्या भर दुपारी, उन्हात काम बंद ठेवायच्या वेळेला, सुपरवायझर दयानंदने गवंड्यांना गच्चीवर चढवलं. एक मजूर भोवळ येऊन कोसळला. दयानंदने त्याच्या बरगडीत लाथ घातली, "ऊठ, नाटकं पुरे!" आणि मालवणचा भगवान गवंडी, जन्मात कुणाला उलट न बोललेला माणूस, उठला आणि हातातली थापी त्याने दयानंदच्या तोंडावर हाणली. गाल कानापर्यंत फाटला.

भगवान धावत खाली रुपेशकडे आला. "सायबानू, माका खंयतरी लपवा. तो माका जित्तो सोडूचो नाय."

रुपेशने शेकोटीमागची फळी सरकवली, त्याला आत कोंबलं आणि बाहेरून छुपी खिट्टी लावली.

दयानंद चार माणसं घेऊन आला. गालाला फडकं, हातात लोखंडी पाइप. "कुठंय तो?"

"मला काय माहीत?"

पहिला फटका गुडघ्यावर बसला, दुसरा तोंडावर. रुपेश कळवळला, त्याने दोन दात थुंकले, पण शेकोटीकडे नजर वळू दिली नाही. माणसांनी खोल्या धुंडाळल्या, कपाटं फोडली. "फाटकावर माणूस आहे, म्हणजे तो घरातच आहे. भूक लागली की येईल बाहेर," म्हणत दयानंद शेकोटीसमोर खुर्ची टाकून बसला. उन्हं पश्चिमेच्या भिंतीवर आली. शेकोटीची भिंत तीच.

भिंतीला टेकलेल्या रुपेशला पाठीशी वीट तापलेली जाणवली. इंग्लंडातल्या त्या जुन्या कपारीत हवा धुराड्यातून येत होती! ते धुराडं आपणच बुजवलं. अरे देवा, आत तर भट्टी झाली असेल!

शोभेला आणलेली निखारे ढोसायची सळई शेकोटीत उभी होती. रुपेशने ती उचलली आणि दयानंदच्या मनगटावर घातली. हाड कडकन मोडलं. मग खांद्यावर, मग पुन्हा. चौघं मागे सरकले. रुपेशने खिट्टी काढली.

भगवान आडवा बाहेर पडला. बोटांची नखं उखडली होती. ओरडू नये, साहेब अडचणीत येऊ नये म्हणून त्याने स्वतःचा गमछा तोंडात कोंबला होता. रुपेशने तो ओढून काढला, छाती दाबली, गालावर थपडा मारल्या, हाका मारल्या. अंग गरम होतं, पण श्वास नव्हता.

पोलीस आले तेव्हा दिवाणखान्यात दयानंद विव्हळत पडला होता आणि रुपेश गच्चीवर घण घेऊन धुराड्याची स्लॅब फोडत होता. "खलास, बस झालं, खाली ये," ते ओरडत होते. तो थांबेना.

"हवा जाऊ दे," म्हणत होता, "आधी त्याला हवा जाऊ दे."