वृंदावनातली माती

मला राग पटकन येतो. सोमनाथ, म्हणजे माझा नवरा, म्हणतो की एक वेळ दूध उतू जायला वेळ लागेल, तुला नाही लागणार. तर त्या दिवशी आमच्या तृप्तीचा दुसरा रिपोर्ट हातात आला आणि मी लॅबच्या काउंटरवरच ओरडले, "अहो, कमी का नाही झालं?" तो बिचारा रिपोर्ट छापून देणारा, त्याच्या हातात काय होतं? पण ओरडायला दुसरं कोणी समोर नव्हतं.

आमची गल्ली इंदिरानगरच्या मागच्या अंगाला. बैठी घरं आणि प्रत्येकापुढे छोटंसं अंगण. गल्लीच्या टोकाच्या मोकळ्या प्लॉटवर पूर्वी जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं काढायचं वर्कशॉप होतं. आम्ही राहायला आलो तोवर ते बंद पडून शेडसुद्धा गेली होती, त्यामुळे कोणाला काही पत्ताच नव्हता. मग गल्लीतली लहान पोरं सारखी पोट धरून बसायला लागली. आमची चार वर्षांची तृप्ती जेवेना, आणि पाठ असलेली बडबडगीतं मध्येच विसरायला लागली. रक्त तपासलं तर रक्तात शिसं, आणि अंगणातल्या मातीतही तेच. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, "शिसं पोटात जायचं थांबलं, की हळूहळू उतरेल. थांबलं नाही तर मेंदूवर परिणाम होतो, आणि तो पुन्हा भरून निघत नाही."

उन्हाळ्यात माती काढायला माणसं आली. पायात बूट, तोंडाला मास्क. पाणी मारून मारून त्यांनी गल्लीतल्या सगळ्या अंगणांतली वरची माती खरवडून काढली, ताडपत्री झाकून ट्रकने नेली आणि नवा मुरूम टाकून दिला. मी स्वतः घराचा कोपरान् कोपरा ओल्या फडक्याने पुसला. जुनी खेळणी टाकली, पडदे धुतले. शेजारच्या अश्विनचं शिसं उतरलं, पलीकडच्या स्नेहाचंही उतरलं. आणि आमच्या तृप्तीचं? उलट थोडं चढलंच होतं.

मला रात्ररात्र झोप लागेना. पोरगी सोफ्यावर नुसती पडून राहिली तरी मी तिला हलवून उठवायचे. नक्की काँट्रॅक्टरने आमच्याच अंगणात हात आखडता घेतला, असं माझ्या डोक्यात बसलं. मी माती तपासणाऱ्यांच्या ऑफिसात जाऊन असा काही तमाशा केला, की दुसऱ्याच दिवशी त्यांची इंजिनिअर दारात हजर झाली. हर्षाली नाव. हातात बंदुकीसारखं यंत्र. मातीला टेकवलं की आतलं शिसं किती, ते पडद्यावर दिसतं.

तिने अंगण तपासलं, पायऱ्या तपासल्या, आत येऊन फरशी आणि खिडक्याही तपासल्या. सगळं ठीक. "ताई, इथे काहीच सापडत नाहीये," ती म्हणाली. मी शाळेत रजा टाकून, भांडायची पूर्ण तयारी करून बसले होते, आता भांडू कोणाशी?

तेवढ्यात तृप्ती आंघोळ करून बाहेर आली. सवयीने तुळशी वृंदावनापुढे जाऊन उभी राहिली, हात जोडले, डोळे मिटले आणि जीभ बाहेर काढली.

"हे काय गं?" मी विचारलं.

"आजी, माती दे ना," ती म्हणाली.

आजी म्हणजे माझ्या सासूबाई, लंकाबाई. मूळच्या नामपूरच्या. सकाळी तुळशीला पाणी घातलं, की मुळाशी भिजलेली माती त्या स्वतःच्या आणि नातीच्या कपाळाला लावतात, एवढं मला ठाऊक होतं. पण मी शिकवते ती शाळा सकाळची. मी साडेसहालाच घराबाहेर पडते, आणि सुट्टीच्या दिवशी उशिरा उठते. कपाळावरून ती माती जिभेवर कधी गेली, ते मला कधी दिसलंच नव्हतं.

हर्षाली वृंदावनाकडे वळली. "आधी चप्पल काढ," सासूबाई म्हणाल्या. पोरीने निमूटपणे काढली आणि यंत्र मातीला टेकवलं. पडद्यावरचा आकडा चढत गेला, चढतच गेला.

मग सोमनाथला आठवलं. घरात आलो तेव्हा वृंदावन भरायला त्यानेच त्या टोकाच्या प्लॉटवरून काळी भुसभुशीत माती आणली होती. आणि उन्हाळ्यात माती काढणाऱ्यांनी वृंदावन पाहिलं तेव्हा त्यांच्या मुकादमानेच हात जोडले आणि तो बाजूने वळसा घालून पुढे गेला. बूट घालून तुळशीला कोण हात लावणार? कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

माझं डोकं सणकलं. "आई, तुम्ही माझ्या लेकराला विष चारत होतात!"

सासूबाई पायरीवर बसल्या. "मन्ही नात शे ती," एवढंच म्हणाल्या. त्या हादरल्या की त्यांच्या तोंडून नामपूर बोलतं. मग हळूच म्हणाल्या, "आजारी पडली म्हणून संध्याकाळी बी देत होते, तू सैपाकात असताना. तुळशीमाय बरं करेल म्हणून."

म्हणजे दिवसातून दोनदा! मी पुन्हा तोंड उघडणार, तोच तृप्ती म्हणाली, "आजी आधी स्वतः खाते, मग मला देते."

हर्षालीने माझ्याकडे पाहिलं. "ताई, आजींचंही रक्त तपासून घ्या."

माझा राग तिथेच गळून पडला. या बाईचे गुडघे दुखायचे, भूक मेली होती, हात थरथरायचे आणि आम्ही म्हणायचो, वय झालं.

दुसऱ्या दिवशी वृंदावन रिकामं करायला माणूस आला, तर सासूबाईंनी त्याला बाजूला केलं. मास्क लावला, हातमोजे घातले आणि खुरपं स्वतः घेतलं. तुळशीशी त्या काय काय बोलत होत्या, ते मास्कमधून नीट ऐकू आलं नाही. वाळलेल्या मंजिऱ्या तेवढ्या चोळून त्यांनी बी काढून घेतलं, धुतलं आणि वाटीत जपून ठेवलं. बाकी सगळं, मुळासकट, जाड पिशवीत बांधून दिलं. पिशवी ट्रकमध्ये चढली तेव्हा त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मी जवळ जाऊन उभी राहिले. मला गोड बोलायला सुचत नाही.

नव्या मातीसाठी त्यांनी भावाला फोन लावला. पुंजामामा नामपूरहून कांद्याच्या पिकअपमध्ये पोतंभर माती घेऊन आले. मोसम नदीकाठच्या स्वतःच्या मळ्यातली. मामा मोठ्या कौतुकाने पोतं उतरवत होते, तर सासूबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "थांब रे. त्या पोरीला बोलाव. आधी बंदूक लावू दे."

"अक्का, आपल्या बापाच्या रानातली माती हाय ही!"

"असू दे बापाची."

मामांचं तोंड एवढंसं झालं. पण हर्षाली आली, यंत्र लावलं आणि हसून म्हणाली, "आजी, एकदम चांगली माती आहे." तेव्हा कुठे पोत्याचं तोंड मोकळं झालं आणि बी पेरलं गेलं.

कार्तिकात तुळशीचं लग्न आलं तोवर रोप जेमतेम वीतभर झालं होतं. एवढीशी नवरी! हिरवी चोळी तिच्यावर टाकली तर नवरी दिसेनाच. गल्लीतली सगळी पोरं अंतरपाटाच्या खालून डोकावून हसत होती. त्याच संध्याकाळी फोनवर आजी-नातीचे नवे रिपोर्ट आले.

तृप्तीचं शिसं निम्म्याहून खाली. डॉक्टरांनी लिहिलं होतं, आता काळजी नको, असंच उतरू द्या. मी रडायलाच लागले, भर अंगणात, अक्षता हातात तशाच.

"माझं जाऊ दे, तिचं उतरलं ना?" सासूबाई म्हणाल्या.

"जाऊ दे काय? तुमचं काय रस्त्यावर पडलंय?" मी खेकसलेच. त्यांचं आधी तृप्तीपेक्षाही जास्त होतं. आता तेही उतरायला लागलं होतं. ते पाहून मला आणखी रडू आलं. सासूबाई म्हणाल्या, "माय वं, लग्नाच्या मांडवात रडती काय!" आणि स्वतःच डोळे पुसायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी मला शाळेत जरा उशिरा जायचं होतं. मी बाहेर आले तर तृप्ती वृंदावनापुढे उभी होती. हात जोडलेले, डोळे मिटलेले, जीभ बाहेर. तोंडातल्या तोंडात बडबडगीत चालू होतं, शेवटपर्यंत, न विसरता. सासूबाईंनी कनवटीची पुडी सोडली. खडीसाखरेचा एक खडा स्वतःच्या जिभेवर ठेवला. थोडं थांबल्या. मग दुसरा तिला दिला.

"आई, साखर आहे ती," मी म्हटलं.

"असू दे," त्या म्हणाल्या. "आधी मी बघणार."

मी चपला काढल्या, तृप्तीच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि जीभ बाहेर काढली.