रुमालाखालचा भाव

माझं नाव कडूबाई. माझ्या आधी आईची तीन लेकरं गेली, म्हणून नाव असं ठेवलं की यमानं तोंड वाकडं करून पुढं जावं. गेलाबी पुढं मेला. पण जाताना माझ्या सासरचा पत्ता घेऊन गेला जणू. लग्नाला अकरा वर्षं झाली आन् त्यानं नवरा उचलला.

वावर होतं मानवतपासून दोन कोसावर. काळी जमीन, कापूस असा फुटायचा की बघत बसावं. नवरा गेल्यावर सा वर्षं मीच वखर धरला, मीच वेचणी केली, मीच गाडी भरली. भाव तेवढा मला करता येत नव्हता. कामून ते ऐका.

मानवतच्या बाजारात कापसाचा भाव तवा तोंडानं सांगत नव्हते. दलाल खांद्यावरचा रुमाल काढायचा, खरीददाराचा हात रुमालाखाली धरायचा आन् बोटं दाबायची. पंजा धरला की पाच, दोन बोटं धरली की दोन. सौदा पटला की मग माल ज्याचा त्याचा हात तसाच रुमालाखाली धरून त्याला भाव कळवायचा. तोंडातून शब्द न्हाई. शेजारच्या गाडीला काय लागलं ते शेजाऱ्याला कळू नये, म्हणून ही झाकपाक. बन्सीधरशेट, ज्याची आडत होती आन् कापसातली सरकी काढायची जीन होती, तो म्हणायचा, ही इज्जतीची रीत हाय. चोराला इज्जत लय प्यारी असती बघा.

आता मी बाईमाणूस. परक्या मर्दानं भर बाजारात कपड्याखाली माझा हात धरायचा? लिंगराजअप्पा दलाल तर नुसत्या इचारानंच घामेजायचा. म्हणून माझ्या वतीनं माझे दीर, दिनकरराव, हात घालायचे. शेटकडनं पैसेबी तेच घ्यायचे. मग लिंबाखाली येऊन सांगायचे, "वैनी, सोळा."

सा वर्षं सोळा. पाऊस पडला तरी सोळा, न्हाई पडला तरी सोळा. बोंडअळी पडली तरी सोळा. दर साली मी गाडीवर बसून शेटच्या नावानं बोटं मोडायची. मुडदा बशिवला ह्या शेटचा, म्हणायची, आन् माझे भावजी देवमाणूस म्हणून माझ्यासाठी उन्हात हात घालून उभे ऱ्हातात!

सातव्या साली भावजी म्हणले, "वैनी, सोळात वावर परवडत न्हाई. औंदाबी सोळाच लागला तर माझ्या नावावर करून टाक. पाडव्याला पाथरीला जाऊन कागद करू. तुला दोन वेळची भाकर मी घालीन." मी हो म्हणले. दुसरं काय म्हणणार? बाजाराच्या सोमवारी गाडीत कापूस भरून मानवतला आले. सोळा ऐकलं की वावर गेलं, एवढंच डोक्यात फिरायलं होतं.

लिंगराजअप्पानं रुमाल काढला. भावजींनी बाही वर सारली. आन् माझं डोस्कं फिरलं.

"थांबा! भाव तोंडानं सांगा. माल माझा हाय. मला माझ्या कानानं ऐकायचाय."

"शिव शिव!" लिंगराजअप्पा म्हणला. "बाई, भाव काय तोंडानं सांगायची चीज हाय?"

"मग कशानं सांगायची? नाकानं?"

लोकं हसली. भावजी दबक्या आवाजात म्हणले, "वैनी, लोकं हसायलेत."

"हसू द्या. हसायला पैसे पडत न्हाईत."

शेजारच्या गाडीवर सिद्धम्मा होती. तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला, तिच्या वतीनं पुतण्या हात घालायचा. ती गाडीवरून उतरली, पदर खोचला आन् म्हणली, "आमचाबी भाव मोठ्यानं सांगा." मग अजून एक बाई उतरली, मग अजून चार. मग गडीमाणसं आली. त्यांच्या हाताला भाव कळत होता, पण शेजाऱ्याला काय लागला ते ऐकायची हौस त्यांना आमच्याहून लय दांडगी! दुपारपर्यंत चाळीस गाड्या जीनच्या फाटकापुढं आडव्या लागल्या आन् समदे एका सुरात ओरडायले, "भाव मोठ्यानं बोला! भाव मोठ्यानं बोला!"

शेट ओट्यावर आला. हात जोडून म्हणला, "मायबहिणींनो, बापदाद्यांपासूनची रीत हाय, इज्जतीचा सवाल हाय."

सिद्धम्मा म्हणली, "शेटजी, इज्जत तुमी ठेवून घ्या, आमाला भाव सांगा."

शेट आत गेला. थोड्या वेळानं त्याचा मुनीम जिलबीचं ताट झाकून चौकीकडं जाताना दिसला. ताट गेलं तेवढ्याच टायमात परत आलं आन् ताटाच्या मागं मागं पोलीस आले.

अमीनसाहेब, म्हणजे निजामाच्या पोलिसातला फौजदार, हैद्राबादेहून येऊन आठच दिवस झालेले. कापूस त्यानं गादीतच पाहिला असंल. संगं बारा जवान. त्यानं आमाला पाहिलं आन् त्याचं तोंड उतरलं. पुढच्या रांगेत समद्या बाया. बायांवर लाठी चालवली तर वर काय लिहायचं? लय इचार केला त्यानं. मग हुकूम दिला, "बैलों को मारो!"

हसू नका. खरंच दिला. बारा जवान लाठ्या घेऊन बैलांवर धावले. माझ्या मोऱ्याच्या मांडीवर तीन बसल्या, कातडं फाटून रगत आलं. मला रडूच कोसळलं. अरे, त्या मुक्या जनावरानं कोणती घोषणा दिली होती रे भाड्यांनो?

बैल बिथरले. मागं गर्दी, दोन्ही बाजूंनी लाठ्या, मोकळं फक्त जीनचं फाटक. चाळीसातल्या वीस गाड्या धडधडत जीनच्या आवारात घुसल्या, शेटच्या कापसाच्या गंजीवर चढल्या. एक बैल तर जिलबीच्या ताटात पाय देऊन गेला. शेट धोतर सावरत नाचायला, "अमीनसाब, रोको! अमीनसाब, रोको!" आधी रस्ता अडला होता, आता जीनबी अडली. बंदोबस्त म्हणतात तो असा.

मग अमीनसाहेबानं खिशातून कागद काढला आन् उर्दूत वाचला. ताडकळसचा भुजंग नावाचा जवान होता, त्यानं आमाला मराठीत सांगितलं, "पाच माणसं एका जागी जमायची न्हाईत. ओरडायचं न्हाई. काठी धरायची न्हाई."

मी इचारलं, "दोघं दोघं बसलं तर चालतंय का?"

भुजंगानं साहेबाला इचारलं. साहेबानं कागद पुढून पाहिला, उलटा करून पाहिला. दोघांबद्दल कुठंच काही न्हाई. "चलता है," म्हणला.

झालं. आमी दोघी दोघी, दोघं दोघं, मधी हातभर जागा सोडून रस्त्याच्या कडंनं बसलो. जीनच्या फाटकापासून पार मारुतीच्या पारापर्यंत. तोंडं बंद. सिद्धम्मानं माझा हात धरला, वरून पदर टाकला आन् माझी बोटं दाबायली.

"काय करायलीस गं?"

"भाव करायले," ती म्हणली. "तुझ्या म्हशीचा. तीन रुपयं."

"मर मेले, तीन रुपयांत शेपूट बी येत न्हाई!" म्हणून मी तिची पाचही बोटं आवळली. आमचं पाहून पुढच्या बायांनी तसंच केलं. गड्यांनी डोईचे पटके सोडले आन् त्याच्याखाली हात घातले. चाळीस जोड्या, समद्यांचे हात कपड्याखाली, आन् आवाज म्हणून न्हाई.

अमीनसाहेबाला घाम फुटला. ओरडणारी माणसं त्याला कळत होती. ही गप बसलेली त्याला कळंनात. "ये क्या है?"

"साहेब, ते बाजारात असंच असतंय, भाव करताना..." भुजंग सांगाय लागला.

"चूप! इशारे हैं ये!"

मग झडती सुरू झाली. एकेक पटका उचलून पाहिला, एकेक पदर लांबून लाठीनं उचलला. सापडलं काय? दोन सुपाऱ्या, एक तंबाखूची पिशवी आन् बाकी समदी बोटं. बोटं जप्त करायची सोय सरकारच्या कायद्यात नव्हती. अमीनसाहेबानं परभणीला तार केली, की मानवतमधी कपड्याखालून गुप्त इशारे करणारी टोळी सापडली, बंदोबस्त सुरू हाय. आन् लगोलग गावात दवंडी दिली.

"ऐका हो ऐका! आजपासून मानवतच्या बाजारात मर्द असो का बाई, गरीब असो का शेट, कुणीबी कपड्याखाली हात घालायचा न्हाई! हात उघडे ठेवायचे! कपड्याखाली दिसला तर हवालात!"

मी सिद्धम्माकडं पाहिलं, सिद्धम्मानं माझ्याकडं. आमी पदराचा बोळा तोंडात कोंबून हसलो.

शेटला ही दवंडी ऐकू गेली न्हाई. तो जीनच्या खडखडाटात मुंबईच्या खरीददाराची समजूत घालत बसला होता. खरीददाराला सांजच्या गाडीनं जायचं होतं आन् त्याच्या आत माल पायजे होता. शेवटी लिंगराजअप्पा त्याला घेऊन बाहेर आला, तीस वर्षांच्या सवयीनं रुमाल काढला, खरीददाराचा हात धरला आन् वर रुमाल टाकला.

दोन जवान वाघावानी तुटून पडले. "हात बाहेर!"

रुमाल ओढला. लिंगराजअप्पाच्या मुठीत खरीददाराची दोन बोटं तशीच. अमीनसाहेब खुलला. टोळीचा म्होरक्या सापडला!

शेट पळत आला. "अमीनसाब, क्या करते हो? ये तो हमारा धंदा है! बाप के जमाने से करते हैं!"

अमीनसाहेब लिहिणाऱ्या जवानाकडं वळला. "लिखो. सेठ ने कबूल किया. बाप के जमाने से."

शेटनं कानात सांगून पाहिलं, जिलबीची आठवण करून दिली, टोपी काढून हातात घेतली. अमीनसाहेबाला एव्हाना समदं उमगलं असंल, पण तार सहीसकट गेली होती. आता मागं फिरायचं म्हणजे आपण मानवतमधी बोटं पकडली असं कबूल करायचं. त्याच्यापेक्षा शेटला बुडवलेलं बरं. नऊ दिवसांनी परभणीहून लखोटा आला, हुकूम मागं गेला आन् त्याच गाडीनं अमीनसाहेबबी मागं गेला. पण त्या दिवशी तो छाती काढून म्हणला, "हुक्म हुक्म है, सेठजी. हात खुले रखिए. जो भाव बोलना है, मुँह से बोलिए. जोर से."

अगं बया! आमी दुपारपासून घसा फोडून जे मागायलो, तेच ह्यानं उर्दूत सांगितलं. पाच जणींनी जमायची बंदी होती म्हणून, न्हाई तर आमी फेर धरून नाचलोच असतो.

खरीददारानं खिशातलं घड्याळ पाहिलं आन् घाईनं लिंगराजअप्पाच्या कानात भाव सांगितला. लिंगराजअप्पा माझ्या गाडीपाशी आला. समद्यांत पुढं माझीच गाडी होती. त्यानं तोंड उघडलं आन् परत मिटलं. तीस वर्षांत त्याच्या तोंडातून कधी आकडा निघाला नव्हता. पाणी मागितलं. प्याला. सोळा म्हणला तर वावर गेलं.

"बा..." तो म्हणला. "बावीस."

"बावीस!" बाया ओरडल्या. "बावीस, बावीस!" पार मारुतीपर्यंत बावीस गेलं. सिद्धम्मानं माझ्या पाठीत असा धपाटा घातला की मी पुढं कोलमडले. माझं वावर वाचलं होतं! मी रडत होते का हसत होते, मलाच कळंना. मी भावजींकडं वळले, त्यांचे हात धरायचेच काय ते ऱ्हायले.

"भावजी, पाहिलं का! एका दिवसाच्या ओरडण्यानं सा रुपयं वाढले! चोर शेट, नुसतं ओरडलो तर सा रुपयं!"

"वाढले कुठं, बाई?" लिंगराजअप्पा म्हणला. एकदा उघडलेलं त्याचं तोंड आता मिटंना झालं होतं. "औंदा तर पडलाय. गेल्या साली तुमाला पंचवीस लागला. त्याच्या आधी तेवीस. बोंडअळीच्या साली तर सत्तावीस. मीच की, ह्यांच्या हातात दाबला."

आन् त्यानं भावजींकडं बोट दाखवलं.

बावीस बावीस म्हणणारी माणसं भावजींकडं वळली. सिद्धम्मानं एकदा तिच्या पुतण्याकडं पाहिलं, तो गाडीमागं सरकला. मी भावजींकडं पाहायले. सा वर्षं ह्या माणसाला मी देवमाणूस म्हणले. संक्रांतीला ह्याच्या घरी पहिला तिळगूळ मी दिला. त्यांचे दोन्ही हात हळूच उपरण्याखाली गेले.

"ओ दिनकरराव," भुजंग जवान मागून ओरडला, "हात बाहेर ठेवा. सरकारी हुकूम हाय."

हात बाहेर आले.

भावजी माझ्या जवळ आले. खाली पाहत, मला एकटीलाच ऐकू येईल असं म्हणले, "वैनी, घरी चल. घरी समदं सांगतो."

मी गाडीवर चढले. तिथून पूर्ण रस्ता दिसत होता, शेट दिसत होता, अमीनसाहेब दिसत होता, चाळीस गाड्यांची माणसं माझ्याकडं तोंड करून उभी होती.

"न्हाई भावजी," मी म्हणले. "हितंच सांगा. मोठ्यानं."