सरांचा शोध आणि रिकामी नळी

ताईच्या सरांना शोध लागला होता, आणि त्या शोधाची ताईला लवकरच ओकारी येणार होती.

ताई बायोइन्फॉर्मेटिक्समध्ये एमएस्सी करत होती. एका बंद गुहेतलं पाणी सरांनी स्वतःच्या हातानं नळ्यांत भरलं होतं. त्यातल्या जंतूंचा डीएनए वाचून आला, की कॉम्प्युटरवर कोण कुठला ते ताईनं ओळखायचं. ओळखलं, तर काय! माणसाच्या तोंडात राहणारे जंतू गुहेत ठाण मांडून बसलेले. सर हवेतच तरंगायला लागले. "जिथे माणूस पोचला नाही, तिथे हे! केवढा शोध!"

मग ताईनं रिकामी नळी तपासली. प्रत्येक प्रयोगात अशी एक नळी असते, नुसतं शुद्ध पाणी घातलेली. तिच्यात काही म्हणजे काही निघायला नको. निघाली तीच मंडळी, खचाखच!

"सर, बाहेरून काहीतरी मिसळलंय."

"मग ती नळी निकालातून काढून टाक."

"काढून?"

"अगं, रिकामीच तर होती! रिकाम्यात काय बघायचंय?"

असं म्हणत सरांनी पिपेटच्या स्वच्छ टोकांच्या डब्यातून एक प्लास्टिकचं टोक उचललं, दाढेत अडकलेलं काहीतरी कोरून काढलं, टोक शर्टाला पुसलं आणि परत डब्यात खोचलं.

गुहेतल्या पाण्याच्या काय नि रिकामी काय, सगळ्या नळ्या याच डब्यातल्या टोकांनी भरल्या होत्या!

घरी हे ऐकून धाकटी किंचाळली, "ई! म्हणजे वर्षभर तू सरांची थुंकी मोजत होतीस?"

"गप गं!" आई म्हणाली. "ताई, तू सही घे आणि मोकळी हो बाई. सरांची सही नाही, तर पदवी नाही."

ताईला घास गिळवेना. दाढ कोरण्यापेक्षा त्या 'काढून टाक'ची किळस जास्त होती. किती सहज म्हणाले, जणू भातातला खडा!

सादरीकरणाला बाहेरच्या परीक्षक मॅडम आल्या. ताईनं पडद्यावर रिकाम्या नळीचाच निकाल सगळ्यात आधी लावला. सरांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा.

"हे जंतू कुणाच्या तोंडातले?" मॅडमनी विचारलं.

"नळ्या भरणाऱ्याच्या."

सरांनी तोंडावर रुमाल धरला. सुचलं एकदाचं!

"म्हणजे शोध गेला," मॅडम म्हणाल्या, "आणि तुझी पदवीही लांबली. पाणी नव्यानं आणावं लागेल."

"आणते, मॅडम. पण नळ्या मी भरणार, आणि तेव्हा सरांनी दाराबाहेर थांबायचं."