पाकीट आणि फाटलेली गादी

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. मला एकच हात आहे. दुसरा कधी मोडला, ते आता कुणालाच आठवत नाही.

माझा जन्म एका सुताराच्या शेडमध्ये झाला. पायांना पॉलिश, अंगावर तपकिरी रेक्झिन, आत जाड फोम. शर्टांच्या कारखान्यात मोठ्या साहेबांच्या टेबलापाशी मी दिमाखात उभी असे. हात मोडला तशी रवानगी तपासणीच्या हॉलमध्ये झाली. तिथे बायका ट्यूबलाइटखाली शर्ट उलटेसुलटे करत, डाग शोधत, सुटे धागे कापत. दिवसभर उभ्यानेच, कारण बसलं की हात मंदावतो, असा तिथला नियम. माझ्यावर शर्टांचे गठ्ठे रचत. खुर्ची असून कुणाला बसवायचं नाही, याहून मोठं दुःख कोणतं?

तिथे एक भिंगरी होती. शर्ट गरगर फिरवायची म्हणून हे नाव. तिला सहावा महिना लागला आणि भिंगरी थांबू लागली. ओटीपोटाखालचं हाड दोन्हीकडून कुणी ओढावं तसं दुखे. जिना ती एकेक पायरी थांबत चढे. चप्पल घालायला एका पायावर उभं राहिलं की डोळ्यांत पाणी येई.

डॉक्टरीणबाईंनी तिला एक चिकटवलेलं पाकीट दिलं, ऑफिसात द्यायला. पण जावेने घाबरवलं. बाळंतपणाचा पगार हवा तर हजेरीचे ठरलेले दिवस भरायला हवेत, आजारपणाचा कागद दाखवला की उद्यापासून घरी बसवतील, असं ती म्हणाली. साहेबांच्या नावाचं पाकीट आपण कसं फोडायचं, म्हणून भिंगरीने ते उघडलंच नाही. माझ्या गादीचं रेक्झिन एका बाजूला उसवलं होतं, त्यात सरकवून दिलं.

शेजारी शर्ट तपासणाऱ्या मावशीने माझ्यावरचे गठ्ठे उचलले आणि मला टेबलाच्या आड ओढून भिंगरीला बसवलं.

"दोन जिवांचं ओझं आहे हो खुर्चीबाई," ती मला म्हणाली, "भाडं मात्र एकाचंच घ्या."

सुपरवायझर बाई दिसल्या की मावशी कात्री टेबलावर दोनदा वाजवी आणि भिंगरी उठे. मित्रांनो, बसणं सोपं होतं, उठणंच जीवघेणं होतं. दिवसातून वीसदा तिची बोटं माझ्या एकुलत्या हातात रुतत. मावशीला वाटे, आपण तिला जपतोय. मला तिची नखं कळत होती, पण बोलणार कशी?

हजेरीचे नऊ दिवस उरले होते. कात्री वाजली. भिंगरी अर्धी उठली आणि तिथेच अडकली. पाय पुढे पडेना, खाली बसवेना. चौघींनी तिला अलगद माझ्यावर टेकवलं आणि मला उचलून जिन्यावरून खाली नेलं. खाली टेकवताना माझं रेक्झिन टर्रकन फाटलं आणि पाकीट सुपरवायझर बाईंच्या पायाशी पडलं.

त्यांनी ते फोडून वाचलं. पुन्हा एकदा वाचलं.

"यात तर लिहिलंय, बसून करायचं काम द्या, रजेची गरज नाही. आधी का नाही दिलंस गं?"

"मला वाटलं, घरी पाठवाल."

बाईंनी कागदाची घडी घातली. त्यांनी तरी कधी विचारलं होतं?

पुढचे तीन महिने ती अंथरुणावर होती. नऊ दिवस कमी पडले ते पडलेच. ऑफिसने नियमावर बोट ठेवून बाळंतपणाचा पगार नाकारला.

बाळ दीड महिन्याचं झालं आणि भिंगरी कामावर आली. अजून एकेक पायरी थांबत. दुपारी तिची ओढणी दुधाने ओली झाली, ती तिने शर्टाच्या गठ्ठ्याआड लपवली. एकदा तिने माझ्याकडे पाहिलं. माझ्यावर पुन्हा गठ्ठे रचले होते. तिने ते उचलले नाहीत. उभीच राहिली.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखी एखादी खुर्ची असेल, कपड्यांखाली दबलेली. कुणी दमून दारात आलं, तर त्यांनी मागायची वाट पाहू नका. आधी ते कपडे उचला.